जातमुचलका

ग्रामीण रुग्णालयातून तो पडदा ढकलत आणला, तेव्हा कोर्टाच्या व्हरांड्यात बसलेली सगळी माणसं उठून बघायला लागली. लोखंडी सांगाडा, त्यावर हिरवं कापड, खाली चाकं, त्यातलं एक कुरकुरणारं. डॉक्टर पेशंटला तपासताना आडोसा म्हणून लावतात, तसला. एक म्हातारा शेजारच्याला म्हणाला, "आत कुनाला सलाईन लावत्यात का काय?"

सगळे हसले. मला हसू आलं नाही. मी आरोपीची वकील होते, आणि त्या पडद्यापायी माझा जामीन अर्ज बुडणार याची मला खात्री वाटत होती.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. तेव्हा माझी सनद नवी होती आणि काळा कोट त्याहून नवा. ज्यांना वकील परवडत नाही त्यांची प्रकरणं विधी सेवा समिती आमच्यासारख्या नवख्यांकडं द्यायची. त्यातूनच धीरज माझ्याकडं आला. वय एकोणीस, डाळिंबाच्या पिकअपवर ड्रायव्हर, नाकासमोर चालणारं पोरगं. जेलमध्ये भेटायला गेले की "मॅडम, तिची परीक्षा आलीय का?" एवढंच विचारायचं. स्वतःच्या केसचं काही विचारायचं म्हणून त्याच्या लक्षातच यायचं नाही. मी वैतागून जायची.

'ती' म्हणजे ज्या मुलीला पळवल्याचा आरोप त्याच्यावर होता ती. तिचं नाव मी सांगणार नाही. अशा प्रकरणात मुलीचं नाव उघड करायला कायद्यानं बंदी आहे, आणि ती योग्यच आहे. इथं तिला मोनाली म्हणू. सतरा वर्षं पुरी झालेली, बारावीला असलेली. दोघं एका पहाटे गावातून गेली आणि पुढं भोसरीत, धीरजच्या आतेभावाच्या खोलीवर सापडली. मुलीच्या वडिलांनी फिर्याद दिली. पळवून नेल्याचं कलम लागलं आणि त्यामागून बालकांच्या संरक्षणाच्या कायद्याची कलमं लागली. धीरज जेलमध्ये गेला, मोनाली वडिलांच्या घरी.

कायदा सरळ होता. अठराच्या आतल्या मुलीची राजीखुशी तो धरतच नाही. खटल्यात दोषी ठरला असता, तर धीरजची उमेदीची सगळी वर्षं आत गेली असती. पण जामिनाचं तसं नसतं. तिथं न्यायाधीशाला थोडी मोकळीक असते, आणि मुलीचं म्हणणंही ऐकून घेतात. माझी सगळी भिस्त त्यावर होती. मोनालीनं एकदा तोंड उघडून "मला याची भीती नाही" एवढं म्हटलं की झालं.

पण मोनाली तोंडच उघडत नव्हती.

मागच्या तारखेला काय झालं तेही सांगते. आमचे न्यायाधीश तांबोळी साहेब निवृत्तीला आलेले, मृदू बोलणारे गृहस्थ. मुलीचं म्हणणं ऐकायचं म्हणून त्यांनी कोर्ट रिकामं केलं, दारं लावून घेतली, शिपायाला बाहेर उभं केलं. मग विचारलं, "मुलीच्या सोबत तिच्या भरवशाचं माणूस पाहिजे. कोण आहे?"

तिचे वडील उठले. गावात त्यांना सगळे आप्पा म्हणायचे. पांढरा स्वच्छ सदरा, कपाळाला बुक्का, दोन्ही हात जोडलेले. "मी बाप हाय, साहेब."

"मग प्रश्नच मिटला," साहेब म्हणाले. "बसा तिच्याजवळ."

आप्पा मुलीच्या बाकावर, तिच्या डाव्या हाताला बसले. समोर आरोपीच्या पिंजऱ्यात धीरज, खाली मान घालून. साहेबांनी मोनालीला किती प्रेमानं विचारलं! शाळा कुठली, विषय कुठले, जेवलीस का. ती एकदा मान वर करायची, ओठ हलवायची, आणि गप्प व्हायची. मधेच आप्पांना खोकल्याची उबळ यायची. घसा खाकरून ते ओशाळवाणं हसायचे. साहेबांनी शिपायाला सांगून त्यांच्यापुढं पाण्याचा पेला ठेवायला लावला.

शेवटी आप्पाच बोलले. "पोरगी भेदरलीया, साहेब. त्या पोराचं तोंड बघितलं की तिची वाचा जाती."

साहेबांना ते पटलं. मलाही, खरं सांगायचं तर, वाईट वाटलं. मुलगी थरथरत होती हे मी डोळ्यांनी बघितलं होतं. साहेबांनी कायद्याचं पुस्तक उघडलं आणि आम्हाला वाचून दाखवलं. बालकाला आरोपी दिसता कामा नये, त्यासाठी पडदा वगैरे सोय करावी, असं त्यात होतंच. फक्त आमच्या तालुक्याच्या कोर्टात आजवर कुणी ती केली नव्हती. साहेबांनी मनावर घेतलं, आणि पुढच्या तारखेला रुग्णालयाचा पडदा कुरकुरत कोर्टात शिरला.

"इथं लावा. अजून थोडा पुढं," साहेब स्वतः उभे राहून सांगत होते. नातवाच्या बारशाला पाळणा लावून घेणाऱ्या आजोबांसारखा त्यांचा उत्साह होता. पडदा मोनालीचा बाक आणि आरोपीचा पिंजरा यांच्या मधे उभा राहिला. आता मुलीला धीरज दिसत नव्हता, धीरजला मुलगी दिसत नव्हती. मी माझ्या जागेवरून दोघांनाही बघू शकत होते.

"लोखंडे मॅडम, तुमची काही हरकत?" साहेबांनी मला विचारलं.

हरकत घेऊन काय उपयोग होता? "नाही, साहेब," मी म्हटलं.

दारं लागली. मोनालीशेजारी आप्पा बसले. मागं भिंतीशी हवालदार जगदाळेबाई, मुलीला पोलिसांच्या गाडीतून घेऊन आलेल्या. सरकारी वकील घोरपडे माझ्या पलीकडं. घोरपडे वयानं मोठे, बोलायला कडक, पण आत एक आणि बाहेर एक असा माणूस नव्हे. त्याच महिन्यात त्यांनी एका नराधमाला शिक्षा लावली होती. लग्नाचं आमिष दाखवून चौदा वर्षांच्या पोरीला विकायला निघालेला माणूस होता तो. त्या पोरीची साक्ष झाली त्या दिवशी घोरपडे जेवले नव्हते, हे मला ठाऊक होतं.

"बाळ," साहेब म्हणाले, "आता तुला तो दिसत नाही. घाबरायचं काही कारण नाही. मला एवढंच सांग, हा मुलगा जेलमधून बाहेर आला तर तुला त्याच्यापासून धोका वाटतो का?"

मोनालीनं मान वर केली. आप्पांनी घसा खाकरला. मोनालीची मान खाली गेली.

साहेबांनी पुन्हा विचारलं, दुसऱ्या शब्दांत. मग तिसऱ्या. काही नाही. पडद्याच्या पलीकडं धीरज पिंजऱ्याचा गज घट्ट धरून उभा होता. इकडच्या शांततेचा अर्थ त्यालाही लागत नव्हता.

घोरपडे उठले. "साहेब, मुलीचं गप्प बसणं हेच तिचं म्हणणं आहे. आडोसा दिला, बाप शेजारी बसवला, तरी तिच्या तोंडातून शब्द फुटत नाही. एवढी दहशत आहे. हा बाहेर आला तर ती खटल्यातसुद्धा बोलणार नाही. जामीन देऊ नये."

मी उठले आणि जे बोलायचं ते बोलले. दोघांच्या वयात अंतर फार नाही. जबरदस्तीचा पुरावा नाही. मुलगा पळून जाणारा नाही. पोलिसांचा तपास पुरा झालाय. माझाच आवाज मला पोकळ वाटत होता.

"आणि संमतीचं म्हणाल तर," घोरपडे मधेच म्हणाले, "कायद्यात ती नाहीच. तुम्हाला आज ही दोघं प्रेमाची वाटतात. उद्या खरंच फसवलेली मुलगी इथं येईल आणि तिचा आरोपीही म्हणेल, आमचं प्रेम होतं, त्या धीरजला जामीन दिलात तसा मलाही द्या. त्या मुलीला तुम्ही काय सांगाल, मॅडम?"

मी खाली बसले. तो प्रश्न आजही माझ्या मागं आहे.

साहेबांनी चष्मा पुसला. लघुलेखकाकडं वळून ते सावकाश सांगायला लागले, "अर्जदार आरोपीतर्फे..." त्यांचा सूर ऐकूनच मला कळलं, अर्ज नामंजूर होतोय. आता पुढचा अर्ज वरच्या कोर्टात, म्हणजे आणखी कित्येक महिने. धीरजच्या आईला बाहेर जाऊन काय सांगायचं याचा मी विचार करायला लागले.

आणि तेवढ्यात मोनाली उठली.

ती कुणाशी काही बोलली नाही. सरळ पुढं गेली, पडद्याचा सांगाडा दोन्ही हातांनी धरला आणि ओढला. चाक कुरकुरलं. जगदाळेबाई धावल्या. साहेबांनी हातानं त्यांना थांबवलं. आम्हाला सगळ्यांना वाटलं, ती पडदा बाजूला करतेय, तिला धीरज बघायचाय. घोरपड्यांच्या चेहऱ्यावर, हे असं होणारच होतं, असा भाव आला. आप्पा अर्धवट उठले.

तिनं धीरजकडं बघितलंही नाही. पडदा ओढत तिनं आपल्या बाकापर्यंत आणला, वळवला, आणि स्वतःच्या आणि आप्पांच्या मधे उभा केला. मग आपल्या जागेवर बसली, ओढणी सारखी केली आणि म्हणाली, "आता विचारा, साहेब."

तांबोळी साहेबांनी लघुलेखकाला थांबायची खूण केली. लघुलेखकाची पेन्सिल हातातच राहिली.

"तुला... वडिलांची भीती वाटते?"

तिनं तोंड उघडलं. पडद्याआडून आप्पांचं खाकरणं आलं. तिचे ओठ पुन्हा मिटले. पण या वेळी आम्ही सगळ्यांनी ते बघितलं. साहेबांनी बघितलं, मी बघितलं, घोरपड्यांनीही बघितलं.

"त्यांना पाणी द्या," साहेब सवयीनं म्हणाले.

"त्येस्नी पानी नको असतंय, साहेब," मोनाली म्हणाली. आवाज बारीक होता, पण फुटला होता. "आमच्या घरात तसंच हाय. आप्पा दारात खाकरलं की आई पदर घेती. दुसऱ्यांदा खाकरलं की आजी बोलायची थांबती. आन् मी पुस्तक मिटती."

मी त्याच मुलखातली. दारात येताना घरचा पुरुष खाकरतो आणि बायामाणसं सावरून बसतात, हे लहानपणापासून बघितलेलं. माझे आजोबाही खाकरायचे. पण दोन्ही तारखांना मी ते ऐकलं आणि मला ते खोकलाच वाटलं. कोर्टात आम्ही सगळे कायद्याची कलमं ऐकत होतो, हे कुणी ऐकलंच नव्हतं.

"आप्पा," साहेब म्हणाले, आणि त्यांचा आवाज पहिल्यांदाच कोर्टाचा झाला, "तुम्ही बाहेर व्हरांड्यात जाऊन बसा."

"साहेब, मी बाप हाय तिचा. लेकीचं भलं..."

"त्याला मी नाही म्हणत नाही. बाहेर बसा."

आप्पा पडद्याआडून बाहेर आले. त्यांचा चेहरा रागीट नव्हता, हे मला अजून आठवतं. गोंधळलेला होता. स्वतःच्या घरातलं दार कुणी तोंडावर लावावं तसा. दारापाशी ते थांबले. सवयीनं घसा खाकरायला गेले आणि मधेच थांबले. मग चपला शोधत बाहेर गेले.

"आता तुझ्या भरवशाचं माणूस कोण बसवू?" साहेबांनी विचारलं.

मोनालीनं इकडंतिकडं बघितलं. मग भिंतीशी उभ्या असलेल्या जगदाळेबाईंकडं बोट केलं. "ह्या बसल्या तरी चालंल. येताना गाडीत ह्येंनी मला शेंगा दिल्या."

जगदाळेबाई अवघडून तिच्याशेजारी बसल्या. मग ती बोलली. रडली नाही. शाळेत उत्तर द्यायला उभं केलेल्या मुलीसारखी, हात मांडीवर ठेवून बोलली.

"माझं लगीन ठरलं हुतं, साहेब. सेलमला, पार मद्रासकडं. आमच्या पाहुण्यांचं तिथं गलाईचं दुकान हाय, सोनं आटवायचं. पोरगा चांगला असंल, मी न्हाई म्हनत. पर मला बारावी द्यायची हुती. मी आईला म्हनलं, आई म्हनली आप्पांस्नी विचार. आप्पांस्नी विचारलं, तर ते खाकरलं."

"मग?"

"मग मी धीरजला म्हनलं, मला गाडीत घे. तो न्हाईच म्हनत हुता. गाडी मालकाची हाय म्हनला. मीच बसली जाऊन, उतरलीच न्हाई." ती थांबली. "पोलिसांनी लिवलंय, त्यानं मला पळवून न्हेलं. मी त्याला न्हेलं असं कुनीच लिवलं न्हाई."

घोरपड्यांनी खाली बघितलं. मला वाटतं, ते हसू लपवत होते.

"तुझा जबाब घेतला तेव्हा हे सांगितलं नाहीस?"

"आप्पा शेजारी हुतं."

साहेबांनी ते स्वतः लिहून घेतलं. "तुला त्याच्याशी लग्न करायचंय?"

आता ती हो म्हणणार आणि घोरपडे म्हणणार, बघा, शिकवून आणलीय. पिंजऱ्यात धीरज ताठ उभा होता. आता दोघांच्या मधे पडदा नव्हता.

"मला आत्ता कुनाशीच लगीन करायचं न्हाई," मोनाली म्हणाली. "सेलमला न्हाई आन् ह्याच्याशीबी न्हाई. फुडचं फुडं. आत्ता माझी परीक्षा हाय."

मी धीरजकडं बघितलं. त्याचा चेहरा पडेल असं मला वाटलं होतं. त्याचे डोळे भरले होते खरे, पण तो मान डोलावत होता. त्याला हे माहीतच होतं. मला इतके दिवस तो परीक्षेचं का विचारत होता, ते तेव्हा कळलं.

साहेबांनी घोरपड्यांकडं बघितलं. "काही म्हणायचंय?"

घोरपडे सावकाश उठले. "मघाशी म्हणालो ते मी मागं घेत नाही, साहेब. कायदा कच्च्या वयाच्या पोरींना जपण्यासाठी आहे आणि तो तसाच पाहिजे. पण या मुलीला धोका कुणाकडून आहे हे विचाराल, तर या मुलाकडून आहे असं मी आता म्हणू शकत नाही. निर्णय कोर्टानं घ्यावा." आणि ते बसले. त्या माणसाबद्दल मला त्या क्षणी जेवढा आदर वाटला, तेवढा आमच्या बाजूच्या एकाही वकिलाबद्दल कधी वाटला नाही.

साहेबांनी हुकूम सांगितला. जामीन मंजूर. मुलीच्या गावात जायचं नाही, तिला भेटायचं नाही, फोन करायचा नाही. हमीदार कोण, हे विचारल्यावर मी सांगितलं की धीरजच्या घरी जमीन नाही, पत असलेला कुणी पाहुणाही नाही. साहेब म्हणाले, "मग जातमुचलक्यावर सोडा."

मी आनंदानं फाईल छातीशी धरली. माझा तो पहिला जामीन होता. नाचायचीच बाकी होते. मोनालीचं पुढं काय, हे खरं तर माझ्या डोक्यातही नव्हतं. मी तिची वकील नव्हतेच.

साहेबांच्या डोक्यात होतं. "बाळ, तुला घरी जायचंय?"

तिनं नकारार्थी मान हलवली. "आई लई आठवंल. पर घरी गेली तर सेलमला न्हेत्याल."

"मग तुला बालकल्याण समितीपुढं पाठवावं लागेल. ते तुला जिल्ह्याच्या मुलींच्या बालगृहात ठेवतील. अठरा पुरी होईपर्यंत. तिथं तू सुरक्षित राहशील."

"तिथनं बाहेर येता येतंय?"

साहेबांनी नजर हुकमाच्या कागदाकडं वळवली. बालगृहाच्या दाराला आतून कडी नसते, बाहेरून कुलूप असतं, हे तिथं बसलेल्या सगळ्यांना माहीत होतं. "सुरक्षेसाठी काही नियम असतात," ते म्हणाले.

मोनालीनं थोडा विचार केला. मग माझ्याकडं वळून विचारलं, "ताई, ते मघाशी म्हनलं ते काय असतंय? जातमुचलका?"

मी त्याच आनंदात होते, भराभर सांगून मोकळी झाले. "म्हणजे आपली हमी आपणच द्यायची. दुसऱ्या कुणी जबाबदारी घ्यावी लागत नाही. मी वेळेवर येईन, नीट राहीन, असं आपणच लिहून द्यायचं आणि आपणच सही करायची."

"आन् मग सोडत्यात?"

"हो."

ती साहेबांकडं वळली. "मग मलाबी त्येच द्या, साहेब. मी लिवून देती. नीट राहीन, परीक्षा दीन, कुठं जानार न्हाई."

साहेबांनी चष्मा काढला. "जामीन आरोपीला असतो, बाळ. तू आरोपी नाहीस."

"म्हनून मिळत न्हाई व्हय?"

तिनं ते टोचून म्हटलं नव्हतं. तिला खरंच विचारायचं होतं. आम्ही तिथं एवढे कायदा शिकलेले लोक बसलो होतो. साहेब काढलेला चष्मा पुसत राहिले, घोरपडे कागद चाळायला लागले. माझ्या हातातली फाईल मला एकदम जड वाटायला लागली. ज्याच्यावर गुन्ह्याचा आरोप, त्याच्यासाठी मी कलम शोधून काढलं होतं. जिच्यावर काहीच नाही, तिला सोडवायला माझ्याकडं कलम नव्हतं.

साहेबांनी हुकमात एक ओळ वाढवली. मुलीला परीक्षेच्या प्रत्येक दिवशी केंद्रावर नेण्याची व्यवस्था व्हावी. त्यांच्या हातात होतं तेवढं त्यांनी केलं. मोनाली जगदाळेबाईंबरोबर मागच्या दारानं गेली. जाताना तिनं पडदा पुन्हा भिंतीशी नीट लावून ठेवला, वापरलेली वस्तू जागेवर ठेवावी तसा.

धीरज दुसऱ्या दिवशी जेलमधून सुटला. पुढं उच्च न्यायालयानं तो खटलाच रद्द केला, पण ते फार नंतर. त्या उन्हाळ्यात तो मोसंबीच्या गाडीवर लांब जालन्याकडं निघून गेला. जायच्या आधी मला विचारायला आला, "मॅडम, बालगृहाच्या समोरच्या रस्त्यानं गाडी नेली तर चालेल का? थांबणार नाही." मी म्हटलं, "त्या रस्त्याला फिरकलास तर जामीन मीच रद्द करीन." तो हसला आणि खरंच फिरकला नाही.

दिवाळीच्या सुमाराला बालगृहातून फोन आला. मोनालीला अठरा पुरी होत होती. तिनं निरोप ठेवला होता, "न्यायला लोखंडे ताई आल्या तर बरं." मी गेले.

अधीक्षिका बाई भल्या होत्या. मला चहा दिला. मोनाली एका पिशवीत कपडे आणि एका पिशवीत पुस्तकं घेऊन आली. उंची वाढल्यासारखी वाटली. बारावीला चांगले गुण पडले होते, नर्सिंगला नंबर लागला होता, तिथंच वसतिगृह मिळालं होतं. "परीक्षेला जगदाळेबाई दारात खाकी घालून बसायच्या," ती हसत सांगायला लागली. "पोरी मला विचारायच्या, तू काय चोरलंस?"

"घरून कुणी आलं होतं?" मी विचारलं.

"आई यायची. धपाटे घेऊन. गेल्या महिन्यात आप्पाबी आले हुते." ती पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिली. "भेटायच्या खोलीच्या दारात उभे राहिले, ताई. बराच वेळ. खाकरलेच न्हाईत. मग मीच म्हटलं, या आत."

अधीक्षिका बाईंनी नोंदवही उघडली. "हं, तर मुलगी ताब्यात कुणाच्या द्यायची? वकीलबाई, तुम्ही सही करता ना?"

"तिला अठरा पुरी झालीत ना?" मी म्हटलं.

"झालीत हो. पण रकाना आहे. आजवर इथून मुलगी गेली ती बापाच्या ताब्यात, भावाच्या ताब्यात, नाहीतर नवऱ्याच्या ताब्यात. कुणाचीतरी सही लागतेच. मुलगी अशी मोकळी कशी सोडणार?" त्यांनी पेन माझ्यापुढं धरलं. त्यांच्या बोलण्यात काही वाईट नव्हतं. मलाही क्षणभर वाटलं, एक सही तर आहे, करून टाकावी आणि निघावं. मी हात पुढं केला.

मोनालीनं पुस्तकांची पिशवी खाली ठेवली. माझ्या हाताच्या आधी तिचा हात पोचला. पेन घेतलं, नोंदवही स्वतःकडं फिरवली.

"अगं, तिथं ताब्यात घेणाऱ्याची सही आहे," अधीक्षिका बाई म्हणाल्या.

"हो. मीच घेतेय," ती म्हणाली. "जातमुचलका."

बाईंना काही कळलं नाही. त्या माझ्याकडं बघायला लागल्या. मी पुढं केलेला हात मागं घेतला.

मोनाली हे नाव मी दिलेलं. कायदा जपायला सांगतो म्हणून तिचं खरं नाव पोलिसांच्या कागदात झाकलेलं होतं, कोर्टाच्या हुकमात झाकलेलं होतं, आणि इथंही मी ते झाकूनच ठेवणार आहे. तिनं मात्र त्या रकान्यात ते पूर्ण लिहिलं. आधी स्वतःचं, मग वडिलांचं, मग आडनाव. वडिलांच्या नावाशी पेन अडखळलं नाही. खाली एक सरळ रेघ ओढली आणि तिनं दोन्ही पिशव्या उचलल्या.